मेमधला नकाशा, नोव्हेंबरचा निकाल



ज्या सरांच्या स्मृतीसाठी दरवर्षी हे व्याख्यान होतं, त्यांची एक सवय इथल्या जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहे. निवडणुकीवर कोणी मोठं विधान केलं की ते शांतपणे विचारायचे, "बूथवार आकडे बघितलेत का?" समोरचा बहुधा गप्प व्हायचा. आज मी अमेरिकेतल्या एका आवडत्या विधानाला सरांचा प्रश्न लावून बघणार आहे. विधान असं आहे: पक्षांतर्गत निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत, जो उमेदवार एखादं स्विंग स्टेट, म्हणजे काठावरचं राज्य, जिंकतो, तोच नोव्हेंबरच्या खऱ्या लढतीतही त्या राज्यात जास्त ताकदवान ठरतो.

ऐकायला अगदी सरळ वाटतं. दर चार वर्षांनी कोणीतरी रंगवलेला नकाशा घेऊन ते नव्याने मांडतं. मला ते जवळजवळ पूर्ण चुकीचं वाटतं. 'जवळजवळ' मी जपून म्हटलं आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

२००८चा मे महिना घ्या. डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांची लढत जानेवारीपासून चालली होती. प्रायमरी आणि कॉकस, म्हणजे पक्षाच्या स्थानिक सभा, यांतून मिळालेल्या प्रतिनिधींच्या हिशेबात ओबामा पुढे होते आणि उरलेल्या मोजक्या राज्यांत ते अंतर भरून निघणं जवळजवळ अशक्य होतं. पण कोणाचीच संख्या निव्वळ या प्रतिनिधींवर बहुमतापर्यंत जात नव्हती. निकाल सुपरडेलिगेट्सच्या हातात होता. पक्षाचे खासदार, गव्हर्नर, जुने नेते, पदाधिकारी मिळून हे आठशेच्या आसपास लोक, कोणत्याही राज्याच्या मतदानाने न बांधलेले. क्लिंटन यांच्या छावणीने आपला युक्तिवाद त्यांच्यासमोर ठेवला. प्रतिनिधींची बेरीज विसरा, नकाशा बघा. मार्चमध्ये ओहायो आम्ही सुमारे नऊ टक्क्यांनी जिंकलं. एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनिया तेवढ्याच फरकाने. फ्लोरिडा आमचं. १३ मेला वेस्ट व्हर्जिनिया तर चाळीस टक्क्यांहून मोठ्या फरकाने. जी राज्यं जिंकल्याशिवाय राष्ट्राध्यक्ष होता येत नाही, तिथले लोक आमच्याबरोबर आहेत.

आपल्या भाषेत सांगायचं तर इलेक्टिव्ह मेरिटचा मुद्दा. तिकीटवाटपाच्या दिवसांत आपले सगळे पक्ष हेच बोलतात.

या मुद्द्याला धार येते ती तिथल्या पद्धतीमुळे. एकूण इलेक्टोरल मतं ५३८, जिंकायला हवीत २७०. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली, तर बाकी सगळीकडे ज्याला राज्यात एक मत जास्त, त्याच्याच पदरात त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं. २०००मध्ये फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी जॉर्ज बुश राष्ट्राध्यक्ष झाले. २००४मध्ये ओहायो सव्वा लाखाच्या आत फिरलं असतं, तर जॉन केरी झाले असते. अशा देशात 'काठावरची राज्यं कोणाची' हा प्रश्न निरर्थक म्हणता येत नाही. फक्त तो प्रायमरीच्या निकालाला विचारायचा का, एवढाच वाद आहे.

फ्लोरिडाचा दाखला आधीच बाजूला ठेवायला हवा. पक्षाचा नियम मोडून फ्लोरिडा आणि मिशिगन यांनी आपल्या प्रायमरी अलीकडे ओढल्या होत्या. शिक्षा म्हणून त्यांचे प्रतिनिधी बाद झाले होते. फ्लोरिडात कोणी प्रचारच केला नव्हता आणि मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचं नावही नव्हतं. मिशिगन 'जिंकलं' असं म्हणणं म्हणजे शर्यतीत दुसरा धावपटू आलाच नाही, तरी वेळ नोंदवून घेणं. ३१ मेला पक्षाच्या नियम समितीने अर्धी अर्धी मतं देऊन तो तंटा कसाबसा मिटवला.

तरीही क्लिंटन यांच्या बाजूने ठोस पुरावा होता, तो नाकारू नये. मेच्या अखेरीस गॅलपने आपल्या रोजच्या पाहणीचे आकडे राज्यांच्या दोन गटांत वाटून मांडले. क्लिंटन यांनी जिंकलेल्या २० राज्यांत त्या रिपब्लिकन जॉन मॅकेन यांच्या सुमारे सात टक्के पुढे होत्या. त्याच राज्यांत ओबामा आणि मॅकेन यांची बरोबरी होती. उलट ओबामांनी जिंकलेल्या राज्यांत दोघांचीही स्थिती मॅकेनपुढे जवळपास सारखी. म्हणजे क्लिंटन आपल्या घरात बलवान आणि ओबामांच्या घरात त्यांच्याइतक्याच. एखाद्या सुपरडेलिगेटने हा तक्ता बघून मत बदललं असतं, तर मी त्याला मूर्ख म्हटलं नसतं.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ओबामांनी ओहायो जिंकलं, फ्लोरिडा जिंकलं, पेनसिल्व्हेनिया तर दहा टक्क्यांनी. त्याखेरीज व्हर्जिनिया आणि इंडियाना, जी १९६४नंतर एकाही डेमोक्रॅटिक उमेदवाराला मिळाली नव्हती, आणि नॉर्थ कॅरोलिना, तेही जेमतेम चौदा हजार मतांनी. एकूण ३६५. आता त्यातून ओहायोची २०, फ्लोरिडाची २७ आणि पेनसिल्व्हेनियाची २१ मतं काढून टाका. उरतात २९७. ज्या तीन राज्यांवाचून चालणारच नाही असं मेमध्ये सांगितलं जात होतं, ती तिन्ही गमावूनही ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले असते.

या वजाबाकीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की स्विंग स्टेटची यादी ही नेहमी मागच्या निवडणुकीची यादी असते. २००८च्या वसंतात जो नकाशा फिरत होता तो २००४चा होता. व्हर्जिनिया त्यावर फिक्या रंगात, इंडियाना तर गडद लाल. आज फ्लोरिडा आणि ओहायोला स्विंग स्टेट म्हणणारा जुन्या पंचांगावरून मुहूर्त काढतोय. आयोवा ओबामांनी नऊ टक्क्यांहून जास्त फरकाने जिंकलं होतं. २०२४मध्ये ट्रम्प यांनी ते तेरा टक्क्यांनी घेतलं. उमेदवार बदलला की नकाशाही थोडा बदलतो. मग जुन्या नकाशावर नव्या उमेदवाराची ताकद कशी मोजणार?

इथे सभागृहातला एखादा वकील हात वर करेल. ओबामा जिंकले, यावरून क्लिंटन कमी पडल्या असत्या हे कुठे सिद्ध होतं? कदाचित त्या ओहायो आणखी मोठ्या फरकाने जिंकल्या असत्या. आक्षेप रास्त आहे. जी लढत झालीच नाही तिचा निकाल कोणाकडेच नसतो. म्हणून एका वर्षावर विसंबता येत नाही. जिथे प्रायमरीत हरलेला माणूसच नोव्हेंबरला उभा राहिला, अशी बरीच राज्यं एकत्र बघावी लागतात. त्यासाठी २०१६सारखं वर्ष शोधून सापडणार नाही.

त्या वर्षाची लोककथा तुम्ही ऐकली असेल. बर्नी सँडर्स यांनी प्रायमरीत मिशिगन आणि विस्कॉन्सिन जिंकलं, क्लिंटन तिथे हरल्या, नोव्हेंबरमध्येही हरल्या, आणि त्या दोन राज्यांबरोबर पेनसिल्व्हेनिया गेल्याने देश गेला. तिन्ही राज्यांतला एकूण फरक ७८ हजारांच्या आसपास. तेव्हा प्रायमरीने इशारा दिला होता, पक्षाने ऐकला नाही. कथा सुरेख जमते. मात्र ती जमवण्यासाठी बाकीची राज्यं लपवावी लागतात. पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी क्लिंटन यांनी बारा टक्क्यांनी जिंकली होती, नोव्हेंबरला हरल्या. ओहायो, फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलिना या तिन्ही ठिकाणी त्यांनी सँडर्सना सहज मागे टाकलं होतं; नोव्हेंबरला तिन्ही गेली. आयोवाचं कॉकस थोडक्यात जिंकलं होतं, तेही गेलं. आणि उलट न्यू हॅम्पशायरमध्ये सँडर्सनी त्यांना वीस टक्क्यांहून जास्त फरकाने धुतलं होतं, मिनेसोटा आणि कोलोराडोच्या कॉकसमध्येही त्या हरल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये ही तिन्ही राज्यं क्लिंटन यांची. न्यू हॅम्पशायर तीन हजारांहून कमी मतांनी का होईना, पण त्यांचंच.

रिपब्लिकन बाजूला बघा, चित्र आणखी गमतीदार आहे. ट्रम्प आयोवाचं कॉकस टेड क्रूझ यांच्याकडून हरले. ओहायो तिथले गव्हर्नर जॉन केसिक यांनी जिंकलं. विस्कॉन्सिनमध्ये क्रूझनी ट्रम्पना तेरा टक्क्यांनी हरवलं, तेव्हा 'ट्रम्प यांची घोडदौड थांबली' असे मथळे आले. नोव्हेंबरमध्ये आयोवा, ओहायो, विस्कॉन्सिन तिन्ही ट्रम्प यांची. आणि विस्कॉन्सिननेच तर कडेलोट केला. प्रायमरीतला विजय जर नोव्हेंबरच्या ताकदीचा पुरावा असता, तर त्या वर्षी एवढ्या राज्यांनी एकाच वेळी खोटी साक्ष दिली नसती.

यामागचं कारण फार गूढ नाही. पेनसिल्व्हेनियात २००८च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सुमारे २३ लाख लोकांनी मतदान केलं, नोव्हेंबरमध्ये सुमारे ६० लाखांनी. तिथली प्रायमरी बंद स्वरूपाची असते, म्हणजे पक्षाचे नोंदणीकृत मतदारच त्यात मत देऊ शकतात. या २३ लाखांना विचारलेला प्रश्न 'आपल्यातला कोण हवा' असा होता. त्यांतले बहुतेक नोव्हेंबरला दोघांपैकी जो उभा राहील त्याच्याच पाठीशी जाणार होते. निकाल ठरवणार होते ते उरलेले ३७ लाख, आणि त्यांना एप्रिलमध्ये कोणी विचारलंच नव्हतं. काही राज्यांत प्रायमरी सगळ्यांना खुली असते, तिथे घोटाळा वेगळा. त्याच वसंतात रेडिओवरचे रश लिंबॉ आपल्या रिपब्लिकन श्रोत्यांना सांगत होते की डेमोक्रॅटिक प्रायमरीत जाऊन क्लिंटनना मत द्या आणि ते भांडण चालू ठेवा. किती जणांनी ऐकलं हा वादाचा विषय आहे. पण अशा मतपेटीतून उमेदवाराची ताकद काढायला बसणाऱ्याने मोठी हिंमत केली म्हणायची.

आता सरांच्या प्रश्नाकडे वळू. पेनसिल्व्हेनियाचे काउंटीवार आकडे. राज्यात ६७ काउंटी. एप्रिल २००८मध्ये ओबामांनी त्यांतल्या फक्त सात जिंकल्या. नकाशा बघितला तर फिलाडेल्फियाचा कोपरा आणि मधले दोन-चार ठिपके सोडून सगळं राज्य क्लिंटनच्या रंगाचं.

दोन काउंटी निवडू. पहिली ईशान्येकडची लॅकवाना, जिथे स्क्रॅन्टन शहर आहे. जुना अँथ्रासाइट कोळशाचा पट्टा, आयरिश, इटालियन, पोलिश कॅथलिक कामगारांची घरं. क्लिंटन यांचे वडील मूळचे स्क्रॅन्टनचे, त्यामुळे तिथे त्या लेकच होत्या. दुसरी नैऋत्येकडची फेएट, तीही कोळशाची, कोक भट्ट्यांची, युनियनच्या कार्डावर वाढलेली. दोन्हीकडे चारांतली जवळजवळ तीन किंवा त्याहून जास्त मतं क्लिंटन यांना पडली. एप्रिलचा निकाल वाचणाऱ्याला दोन्ही काउंटी एकाच साच्यातल्या वाटल्या असत्या: गोरा कामगारवर्ग, ओबामा नकोत.

नोव्हेंबरमध्ये लॅकवानाने ओबामांना सुमारे ६३ टक्के मतं दिली. चार वर्षांपूर्वी केरींना दिली होती त्याहून सहा-सात टक्के जास्त. मधल्या काळात याच स्क्रॅन्टनमध्ये जन्मलेले जो बायडन उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले होते, त्याचा हातभार लागला असेल. फेएट मात्र, जी केरींनी जिंकली होती, ती ओबामा अगदी थोडक्यात हरले. शेजारच्या वॉशिंग्टन आणि बीव्हर या काउंटीही केरींच्या होत्या, त्या मॅकेनकडे गेल्या. फेएट त्यानंतर राष्ट्राध्यक्षपदाच्या एकाही निवडणुकीत डेमोक्रॅटांकडे परतलेली नाही.

म्हणजे एप्रिलची खूण एकच होती आणि तिचे अर्थ दोन निघाले. लॅकवानात ती आपल्या माणसाबद्दलचा जिव्हाळा दाखवत होती. फेएटमध्ये पक्ष सोडून निघालेल्या लोकांची ती चाहूल होती. एप्रिलच्या आकड्यांत हा फरक दिसत नव्हता, दिसणं शक्यही नव्हतं. आणि राज्याचा निकाल ठरला तो तिसऱ्याच ठिकाणी: फिलाडेल्फिया शहर आणि भोवतालची उपनगरं. त्यांतल्या चेस्टर काउंटीने १९६४नंतर पहिल्यांदाच डेमोक्रॅटिक उमेदवार निवडला. प्रायमरीत बक्स काउंटी क्लिंटन यांनी घेतली होती, नोव्हेंबरला ओबामांनी घेतली, आणि कोणाला त्याचं आश्चर्यही वाटलं नाही.

मघाशी 'जवळजवळ' म्हटलं ते फेएटसाठी. प्रायमरीच्या निकालात कधीच काही नसतं असं म्हणणं दुसऱ्या टोकाला जाणं होईल. वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकीत क्लिंटन यांना मे महिन्यात जे प्रचंड मताधिक्य मिळालं, त्यात खरी बातमी होती. ॲपलेशियन डोंगरपट्ट्यात ओबामांना खरोखरच अडथळा होता. आर्कन्सा, जिथे बिल क्लिंटन गव्हर्नर होते, ते याचं ठळक उदाहरण. २००४ ते २००८ या चार वर्षांत सगळा देश साधारण दहा टक्क्यांनी डेमोक्रॅटांकडे सरकला. आर्कन्सा तेवढंच उलट दिशेने सरकलं: बुश तिथे दहा टक्क्यांनी जिंकले होते, मॅकेन वीस टक्क्यांनी. क्लिंटन उमेदवार असत्या तर हे झालं नसतं, असं मानायला जागा आहे. उमेदवाराचा प्रभाव असतो तो असा. पण आर्कन्साची मतं सहा आणि वेस्ट व्हर्जिनियाची पाच. त्या अकरा मतांच्या बदल्यात व्हर्जिनियाची तेरा आणि नॉर्थ कॅरोलिनाची पंधरा क्लिंटन यांना मिळाली असती का, हा प्रश्न त्या नकाशात कुठेच नव्हता.

मार्च २००८मध्ये सर्व्हेयूएसए या संस्थेने मोठा खटाटोप केला. पन्नासही राज्यांत प्रत्येकी सुमारे सहाशे मतदारांना दोन्ही लढतींबद्दल विचारलं. एकच वेळ, तेच लोक, दोन्ही उमेदवार. तुलना करायचीच तर ती अशी करावी. निकाल: ओबामा २८०, मॅकेन २५८. क्लिंटन २७६, मॅकेन २६२. इतका डंका पिटलेल्या प्रश्नाचं उत्तर चार मतांचा फरक! दोघांच्या वाटा मात्र वेगळ्या होत्या. क्लिंटन फ्लोरिडा, आर्कन्सा, वेस्ट व्हर्जिनिया जिंकत होत्या. ओबामा व्हर्जिनिया जिंकत होते आणि पेनसिल्व्हेनिया हरत होते. तेच पेनसिल्व्हेनिया, जे त्यांनी पुढे दहा टक्क्यांनी घेतलं. निवडणुकीच्या आठ महिने आधीची पाहणी एवढीच पक्की असते. १९८८च्या जुलैमध्ये मायकेल डुकाकिस जॉर्ज बुश थोरल्यांच्या सतरा टक्के पुढे होते आणि नोव्हेंबरला जवळजवळ आठ टक्क्यांनी हरले.

२००८च्या त्याच वसंतात नेट सिल्व्हर नावाचा बेसबॉलच्या आकडेवारीतला माणूस फाइव्हथर्टीएट हे आपलं संकेतस्थळ काढून बसला. पाहण्या एकत्र करायच्या, जुन्या निवडणुका आणि लोकसंख्येची घडण यांच्याशी ताडून बघायच्या, आणि निकालाऐवजी शक्यता सांगायची, अशी त्याची रीत. नोव्हेंबरमध्ये पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं त्याने बरोबर सांगितली. चुकलं ते इंडियाना. हेही नीट लक्षात घ्या की हे यश ऑक्टोबरअखेरच्या पाहण्यांचं. मेमध्ये त्याचाही हिशेब इतका तीक्ष्ण नव्हता, आणि तो तसा दावाही करत नव्हता.

मग गॅलपचा तो सात टक्क्यांचा फरक कुठून आला? माझ्या मते त्याचा बराचसा भाग रुसव्याचा होता. लग्नात विहीणबाई रुसतात, पंगतीला बसत नाहीत. म्हणून लग्न मोडलं असं कोणी धरत नाही. मे २००८मध्ये क्लिंटन यांचे समर्थक चिडलेले होते. 'ओबामा आले तर आम्ही मॅकेनला मत देऊ' असं कित्येक जण पाहणीवाल्यांना सांगत होते. असे रुसलेले मतदार कुठे जास्त असणार? अर्थात ज्या राज्यांत क्लिंटन यांनी प्रायमरी जिंकली होती तिथे. म्हणजे ओबामा नेमके त्याच राज्यांत कमकुवत दिसणार, ही मोजमापाच्या पोटातच दडलेली गोष्ट होती. शिवाय तो काळ ओबामांचा सगळ्यात वाईट. मार्चमध्ये त्यांचे पाद्री जेरेमाया राइट यांची भाषणं टीव्हीवर फिरली. एप्रिलमध्ये छोट्या गावांतले वैतागलेले लोक बंदुकीला आणि धर्माला घट्ट धरून बसतात, अशा अर्थाचं त्यांचं सॅन फ्रान्सिस्कोमधलं बोलणं बाहेर आलं आणि पेनसिल्व्हेनियातल्या प्रत्येक चहाटळाला विषय मिळाला. ७ जूनला क्लिंटन यांनी माघार घेतली. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात ओबामांची उमेदवारी एकमताने जाहीर करण्याचा प्रस्ताव त्यांनीच मांडला. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या समर्थक डेमोक्रॅटांपैकी पाचांतल्या चारांहून जास्त जणांनी ओबामांना मत दिलं. रुसवा निघाला, तसा तो फरकही निघाला.

आणि १५ सप्टेंबरला लीमन ब्रदर्स बुडाली. त्याआधी आठवडाभर काही पाहण्यांत मॅकेन पुढे होते. थोड्याच दिवसांत ती आघाडी गेली. देशाचं वारं फिरलं की ओहायोही फिरतं, फ्लोरिडाही, विस्कॉन्सिनही. सगळी एका दिशेला, थोड्याफार फरकाने. उमेदवाराच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग त्यात बहुधा एक-दोन टक्क्यांचा. राज्य अगदी काठावर असेल तेव्हा तो एक-दोन टक्के सोन्याचा भाव खातो हे खरं. पण तो मेमध्ये मोजता येत नाही, हेही तितकंच खरं.

हा अनुभव आपल्यालाही आहे. आपल्याकडे प्रायमरी नसते, एबी फॉर्म कोणाच्या खिशात गेला ते मध्यरात्री कळतं. पण २०१४च्या लोकसभेआधी काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांचं मतदान घेऊन उमेदवार ठरवायचा प्रयोग केला होता. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर त्यात होते. दोन्ही जागा आधी काँग्रेसकडे होत्या, दोन्ही गेल्या. प्रायमरी जिंकणारा तिथे जास्त चांगला उमेदवार होता की नव्हता, हे त्या निकालातून कळत नाही. त्या लाटेत राज्यातल्या ४८पैकी नांदेड आणि हिंगोली या दोनच जागा काँग्रेसच्या हाती राहिल्या.

अमेरिकेत आपल्यातलाच एक माणूस या रिंगणात उतरला, तोही मिशिगनसारख्या काठावरच्या राज्यात. मूळचे बेळगाव भागातले श्री ठाणेदार २०१८मध्ये तिथल्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उभे होते. स्वतःचा भरपूर पैसा ओतला, तिसरे आले. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या आणि नोव्हेंबरमध्ये नऊ टक्क्यांहून जास्त फरकाने गव्हर्नर झाल्या. चार वर्षांनी ठाणेदार डेट्रॉइटकडच्या मतदारसंघातून अमेरिकी काँग्रेसमध्ये गेले. तो मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला आहे, तिथे प्रायमरी हीच खरी निवडणूक. प्रायमरीवरून नोव्हेंबर सांगता येतो तो अशाच ठिकाणी, आणि तिथे तो सांगायची कोणाला गरज नसते.

मतदारांनी स्वतः 'कोण जिंकेल' हे ओळखून मत दिलं तर? २००४मध्ये आयोवातल्या डेमोक्रॅटांनी तेच केलं. हॉवर्ड डीन यांच्यावर जीव होता, पण व्हिएतनाम युद्धात पदकं मिळवलेले केरी बुशसमोर जास्त टिकतील असा हिशेब केला. ऑगस्टमध्ये विरोधकांनी हल्ला चढवला तो केरींच्या नेमक्या त्याच युद्धसेवेवर. जी बाजू सगळ्यात भक्कम म्हणून निवड झाली, तीच पोखरली गेली. शेजाऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधून दिलेलं मत असं असतं: शेजाऱ्याचंही नाही आणि आपलंही नाही. अशा अंदाजात बाईमाणूस, काळा माणूस, परक्या नावाचा माणूस नेहमी दोन पावलं मागे पडतो, कारण 'मला चालेल हो, पण लोकांना चालणार नाही' हे वाक्य बोलायला फार सोपं असतं.

२०२०चं उदाहरण याच्या उलट टोकाचं. बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. दोन्ही नावाजलेली राज्यं. त्यांना तारलं साउथ कॅरोलिनाने, जे डेमोक्रॅटांनी १९७६नंतर कधीच जिंकलेलं नाही आणि त्या वर्षीही जिंकलं नाही. तिथले खासदार जेम्स क्लायबर्न यांनी शब्द टाकला आणि कृष्णवर्णीय मतदारांनी बायडन यांना उचलून धरलं. नोव्हेंबरमध्ये ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन मिळून ४३ हजारांच्या आसपास मतांच्या फरकाने इलेक्टोरल कॉलेजचा निकाल ठरला. न्यू हॅम्पशायर, जिथे बायडन पाचवे आले होते, ते त्यांनी सात टक्क्यांनी जिंकलं.

अगदी अलीकडचं एक. मार्च २०२४मध्ये ट्रम्प यांच्या पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी निक्की हेली यांनी माघार घेतली. त्यानंतर एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या रिपब्लिकन प्रायमरीत त्यांना दीड लाखांहून जास्त मतं पडली. ट्रम्प यांच्यासाठी धोक्याची घंटा, असं चार महिने लिहिलं जात होतं. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प पेनसिल्व्हेनिया जिंकले, आणि त्याबरोबर बाकीची सहाही स्विंग स्टेट.

तेव्हा मे २००८मध्ये एखाद्या सुपरडेलिगेटने मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की स्विंग स्टेटच्या कसोटीवर दोघं बरोबरीत आहेत, सर्व्हेयूएसएची ती चार मतं विसरून जा. इराक युद्धावर कोणाचं मत पटतं, आरोग्यविम्याची कोणाची योजना बरी, माणूस म्हणून कोणावर भरवसा आहे, यावर ठरव. पक्षानेही पुढे असंच काहीसं केलं. २०१८च्या ऑगस्टमध्ये नियम बदलला आणि चुरशीच्या अधिवेशनातल्या पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटचं मत काढून घेतलं. तो नकाशा दाखवायचा तरी आता कोणाला? सामान्य मतदारालाच.

त्या सामान्य मतदारांत तुमच्यापैकी काहींची मुलं, सुना, जावई आहेत. न्यू जर्सीत आहेत, मिशिगनमध्ये आहेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी आणि रालेमध्ये तर बरेच. २०२८च्या प्रायमरीत त्यांतले जे नागरिक झालेत ते मत देतील, आणि रविवारच्या फोनवर तुम्हाला विचारतील, "बाबा, मला अमका आवडतो, पण तमका ओहायोत जिंकेल म्हणतात, काय करू?" त्यांना सांगा, आवडतो त्याला मत दे.